लग्नाला आलेली पुस्तकं

आमच्याकडच्या लग्नात एक पुस्तक पूर्वीपासून असतंच. निकाह झाला की नवरानवरीला शेजारी बसवतात, दोघांच्या डोक्यावरून एकच ओढणी घेतात, समोर आरसा ठेवतात आणि कुराणशरीफ उघडून ठेवतात. आधी त्या पानावर नजर जायची आणि मग नवऱ्यानं आरशात नवरीचा चेहरा बघायचा. या रिवाजाला ‘आरसी-मुसहफ’ म्हणतात. मुसहफ म्हणजे ग्रंथरूपातलं कुराण. पुढं मुलगी सासरी निघते तेव्हा तिचा भाऊ नाहीतर मामा कुराण तिच्या डोक्यावर धरतो आणि त्या सावलीतून ती उंबरा ओलांडते. याला सजावट मात्र कुणी म्हणणार नाही. वुजू करून ते हातात घ्यायचं, काम झालं की रेशमी कापडात गुंडाळून पुन्हा उंच जागी ठेवायचं.

दुसरं एक पुस्तक नवरीच्या सामानातून जायचं. मौलाना अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींसाठी लिहिलेलं. नमाज-रोजाच्या नियमांपासून घरखर्चाचा हिशेब, पत्र कसं लिहावं, पोटदुखीवर काय द्यावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. नावाचा अर्थ स्वर्गातले दागिने. ज्या बापाला सोनं घालणं जमत नसे, त्याला हा दागिना तरी देता येई, असं माझी आजी म्हणायची. त्याच्याही आधी, १८६९ साली, डेप्युटी नजीर अहमद यांनी ‘मिरातुल उरूस’ लिहिलं. म्हणजे नवरीचा आरसा. त्यात दोन बहिणी आहेत. अकबरी वेंधळी आणि भांडखोर, असगरी शहाणी आणि टापटिपीची. माझ्या अम्मीला लग्नात ही दोन्ही पुस्तकं मिळाली होती. तिनं ती वाचलीही. तिचं मत असं की, असगरीसारखी सून खरोखरच घरात आली तर बाकीच्या माणसांना राहणं मुश्कील होईल.

तेव्हा लग्नात पुस्तक येणं आम्हाला नवं नाही. पुस्तकांची आरास करणं मात्र नवं होतं. गेल्या डिसेंबरात सोलापुरात माझ्या भाचीचं लग्न झालं. हॉल पुस्तकांनी सजवायचा, हा हट्ट तिचाच. ती पुण्याला नोकरी करते. मैत्रिणींबरोबर एकदा पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन आली होती. २०१७ साली त्या गावाला ‘पुस्तकांचं गाव’ केलं, हे तुम्ही ऐकलं असेल. तिथं घराघरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत; कुणीही जावं, बसावं, वाचावं. ते बघून हिच्या डोक्यात आलं की, आपल्या लग्नात जेवणाच्या टेबलांना आकडे नकोत, पुस्तकांची नावं द्यायची. प्रवेशाशी पुस्तकं, मेंदीच्या कोपऱ्यात पुस्तकं, स्टेजच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं. अट एवढीच, पुस्तक नानांच्या पेटीतलं हवं आणि नाव लग्नात शोभणारं हवं. नाना म्हणजे माझे अब्बा.

निवड करायचं काम माझ्याकडं आलं. घरात कुणी कविता लिहीत असलं की अशी कामं त्याच्याकडंच येतात. पत्रिकेचा मजकूर, सेहऱ्याच्या ओळी, गल्लीतल्या मंडळाचा सूचनाफलक, सगळं. त्यात मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, म्हणजे घरच्यांच्या लेखी पुस्तकांची सर्टिफाइड जाणकार.

पहिला विरोध माझ्या मोठ्या मामूंचा. वय ऐंशीच्या पुढं. ते म्हणाले, “किताबां पढने की चीज है, सजाने की नई.” मला त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं वाटलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पोरं धावतात, पाणी सांडतं, बिर्याणीचे हात कुठंही लागतात. पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून डोळ्यांना लावायचं, हे आम्हाला लहानपणी शिकवलं ते मामूंनीच. मग काही नियम ठरले. कुठलंही पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही. तारेनं बांधायचं नाही, खिळा मारायचा नाही. टेबलावर उंच स्टँड करून ठेवायचं. आणि धर्माचं एकही पुस्तक या आराशीत घ्यायचं नाही. मामू एवढ्यावर गप्प झाले. राजी झाले असं म्हणता येणार नाही.

डेकोरेशनवाल्याची अडचण वेगळी. तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं पुस्तकांचा रेडिमेड सेट आहे. पुठ्ठ्याचा. आतून पोकळ, वजनाला हलका, वर सोनेरी अक्षरं.” भाचीनं त्याला विचारलं, “नावं काय आहेत त्यांची?” तो म्हणाला, “नाव काही नाही, नुसती डिझाइन आहे.” तो सेट बाद झाला.

आता पेटीबद्दल सांगते. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक होते. घरात आम्ही दखनी बोलतो, अब्बांचं वाचन मराठी. पगार झाला की एक पुस्तक, असा त्यांचा अनेक वर्षांचा रिवाज. सोलापूर-पंढरपूरची दुकानं, जत्रेतले स्टॉल, रद्दीवाले, कुठूनही आणायचे. आणलं की पहिलं काम कव्हर घालण्याचं. खाकी कागद, घरी शिजवलेली खळ, आणि कव्हर वाळलं की टाकानं पाठीवर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. अक्षर फळ्यावरच्यासारखं, गोल, ठसठशीत. आतल्या पानावर तारीख, गाव आणि किंमत. २०१२ साली ते गेले, तेव्हापासून अम्मी वर्षातून दोनदा पेटी उघडून डांबराच्या गोळ्या बदलते. बाकी कुणी हात लावत नव्हतं. मी लावत होते, पण अधूनमधून.

पेटी उघडली आणि डेकोरेशनवाल्यानं कपाळाला हात लावला. चारशेच्या आसपास पुस्तकं, आणि सगळी खाकी! “यात कलर कुठाय? कव्हरं काढू या, आतली रंगीत असतील.” अम्मी पलंगावरून म्हणाली, “नक्को.” एवढंच. मग कुणी तो विषय काढला नाही. म्हणजे त्या हॉलमध्ये जे काही लागणार होतं, ते अब्बांच्या अक्षरात लागणार होतं. नातीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. तिनं ‘नाव शोभणारं हवं’ अशी अट का घातली, ते मला तिथं कळलं.

पहिला दिवस नुसता हसण्यात गेला. झेंडूच्या माळा नकोत म्हणणाऱ्या मुलीसाठी आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुलं’ आधी बाजूला काढली. केशवकुमार या नावानं त्यांनी कवींची जी टिंगल केली, ती या पुस्तकात आहे. घरात कवयित्री असताना हे पुस्तक प्रवेशाशीच हवं, असं माझी आपा, म्हणजे नवरीची आई म्हणाली. अत्र्यांचंच ‘साष्टांग नमस्कार’ पाहुण्यांच्या स्वागताला ठेवावं असं कुणीतरी सुचवलं. छंदिष्ट माणसांची थट्टा करणारं नाटक ते. मोठे मामू चष्मा सरसावून म्हणाले, “साष्टांग अल्ला के सिवा किसको नई. सलाम नाव की किताब नई क्या?” ते परत पेटीत गेलं. ‘लग्नाची बेडी’ नवऱ्या मुलाच्या मित्रांच्या टेबलाला मिळाली. सोलापूर जिल्ह्यातल्या पाहुण्यांच्या टेबलाला ‘गोतावळा’. आनंद यादवांच्या त्या कादंबरीतल्या गड्याचा गोतावळा म्हणजे बैल, म्हशी, कोंबड्या आहेत. ट्रॅक्टर आला आणि ती सगळी गेली. पाहुण्यांना ते सांगायचं नाही असं ठरलं. जेवणाच्या रांगेजवळ यादवांचीच ‘झोंबी’. वकील मंडळींना तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. सरबताच्या टेबलावर गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. दारू वर्ज्य असलेल्या समाजाच्या लग्नात याहून योग्य नाटक मला तरी माहीत नाही. खाडिलकरांचं ‘मानापमान’ आणि देवलांचं ‘संशयकल्लोळ’ ही दोन्ही नाटकं शेवट गोड होणारी; पण नुसतं नाव वाचणाऱ्याला शेवट दिसत नाही, म्हणून दोन्ही घरीच ठेवली.

खांडेकरांची नावं तर लग्नासाठीच घडवल्यासारखी. ‘दोन मने’ घेतली, ‘दोन ध्रुव’ ठेवून दिली. ‘पहिले प्रेम’वर बराच वेळ वाद झाला. आपाचं म्हणणं, “पहिलं म्हटलं की लोक दुसरं शोधत बसतात.” ‘सुखाचा शोध’ चालेल का? चालेल म्हणाले सगळे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ हाती आली, तेव्हा दूल्हेभाई, म्हणजे नवरीचे वडील, पहिल्यांदा हसले. हॉलवाल्यानं लाइटचे पैसे वेगळे लावले होते, केटरर रोज माणसांचा आकडा विचारत होता आणि घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. “ही माझ्या खुर्चीवर ठेवा,” म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आत यमू नावाची मुलगी आहे. लहानपणी लग्न झालेली, पुढं विधवा झालेली, जबरदस्तीनं केशवपन केलेली. हसू थांबलं. योगायोग असा की, भाचीनं दुसऱ्या हातात जे पुस्तक धरलं होतं ते बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. “हे हनिमूनच्या फोटोजवळ ठेवू,” असं ती म्हणत होती. १८५७ सालची ती कादंबरी विधवांच्या हालांबद्दल आहे, आणि त्यातल्या नायिकेचं नावही यमुनाच.

खेळ तिथं थोडा बदलला. नाव बघायचं म्हटलं तरी आत कोण आहे ते विचारल्याशिवाय पुस्तक बाजूला ठेवणं मला जमेना, आणि भाचीलाही जमेना.

मेंदीच्या कोपऱ्यासाठी तिच्या मैत्रिणींनी पहिल्या पाच मिनिटांत दोन पुस्तकं निवडली होती. इंदिरा संतांची ‘मेंदी’ आणि ‘शेला’. यापेक्षा शोभणारी नावं मराठीत मिळायची नाहीत. मी पेटीत तिसरं शोधत होते, पण ते अब्बांना मिळालं नव्हतं. त्याचं नाव ‘सहवास’. प्रा. ना. मा. संत आणि इंदिराबाई या नवराबायकोनं मिळून काढलेला तो कवितासंग्रह. १९४६ साली संत वारले. इंदिराबाई ऐन तिशीत होत्या, पदरात लहान मुलं. ‘शेला’ आणि ‘मेंदी’ त्यानंतरची. म्हणजे सहवास संपला आणि मग शेला आला, मेंदी आली. त्या कवितांत जो नाही, तोच जागोजाग आहे. त्यांच्या मुलाची, प्रकाश नारायण संतांची पुस्तकंही अब्बांकडं होती: ‘वनवास’, ‘पंखा’, ‘झुंबर’. डेकोरेशनवाल्याला मी म्हटलं, “बघा, आईकडून मेंदी आणि शेला, मुलाकडून पंखा आणि झुंबर. तुमचा अर्धा हॉल या एका घरानं सजवला.” ‘वनवास’ आम्ही वगळलं. त्यात बालपणाच्या फार सुंदर गोष्टी आहेत, पण नावाची अट होती.

‘मेंदी’चं काय करायचं? आपा म्हणाली, “नाव चांगलं आहे. आत कोण बघतं?” भाचीनं ते रात्री वाचायला नेलं. अम्मी तिच्याच खोलीत झोपते. अम्मीचं शिक्षण उर्दू. मराठी ती ऐकून समजते, अक्षर लावून वाचायला वेळ लागतो. नातीनं तिला त्यातल्या तीन-चार कविता वाचून दाखवल्या. अम्मीनं ऐकल्या आणि म्हणाली, “इसको मालूम था.” सकाळी चहा घेताना भाचीनं आईला विचारलं, “मेंदीच्या दिवशी नानी कुठं बसणार?”

सगळे गप्प झाले, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. हळद आणि मेंदी लावायला आमच्याकडं पाच नाहीतर सात सुहागनी लागतात. विधवा बाई त्या खोलीत नसते. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नाही, तसं म्हणायची वेळच येत नाही. २०१२ नंतर आमच्या घरात चार लग्नं झाली, चारही वेळा अम्मी स्वयंपाकघरात होती. सरबतात साखर किती, हे बघत. दीनमध्ये याला कुठंही आधार नाही. पैगंबरसाहेबांच्या पहिल्या पत्नी, बीबी खदिजा, विधवाच होत्या. हा रिवाज आसपासच्या समाजाकडून आमच्याकडं आला की आमच्या पूर्वजांनी धर्म बदलताना तो बरोबर आणला, हे अभ्यासकांनी सांगावं. दोन्हीकडं तो आहे, एवढं मी बघितलंय. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची पद्धत बंद केली, तेव्हा पेपरात ती बातमी मी अम्मीला वाचून दाखवली होती. “अच्छा किए,” म्हणाली होती. पण दुसऱ्या गावाची गोष्ट ऐकणं सोपं असतं.

भाचीचं म्हणणं सरळ होतं. ज्या बाईनं ‘मेंदी’ लिहिलं ती विधवा होती. तिचं पुस्तक मेंदीच्या टेबलावर चालतं आणि नानी चालत नाही, हे कसं? आपाला पटत होतं, पण तिची भीतीही खोटी नव्हती. मेंदीला नवऱ्याकडच्या बायका येणार होत्या. मालेगावची माणसं, नवी सोयरीक. पुढं काही बरंवाईट झालं की या दिवसाचं नाव निघणार, आणि ते आपल्या पोरीला ऐकावं लागणार. सगळ्यांत जास्त विरोध खुद्द अम्मीचा. “मैं नक्को. बच्ची का सगुन है.” दोन दिवस घरात याच्यावरच बोलणं. दूल्हेभाई कधी नव्हे ते स्पष्ट बोलले, “अब्बांची पुस्तकं चालतात, अब्बांची बायको का नाही?” त्यांना पुस्तकांची आरास मुळात पसंत नव्हती, हे लक्षात घ्या.

मेंदीच्या दिवशी अम्मी आली. पहिली नाही. दोघी सुहागनींनी लावल्यावर तिसरी. नातीच्या तळहातावर एक ठिपका ठेवला आणि लगेच उठायला लागली. नातीनं हात धरून बसवली. माझी फुफी त्या वेळी खोलीतून उठून गेली, मेंदी न लावता. आजही ती त्या विषयावर बोलत नाही. दाराशी मालेगावच्या पाहुण्यांमधली एक म्हातारी बाई मघापासून उभी होती. नवऱ्या मुलाची दादी. मला वाटलं, खुर्ची मिळाली नसेल. ती हळूहळू आत आली, अम्मीशेजारी बसली आणि तिनंही एक ठिपका ठेवला. तीही विधवाच, हे आम्हाला नंतर कळलं. ‘मेंदी’ हे पुस्तक मागं स्टँडवर होतं, खाकी कव्हरात. फोटोत ते अर्धंच आलंय.

आत्मचरित्रांनी आम्हाला असंच अडवलं. माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ डेकोरेशनवाल्याला फार आवडलं, कारण नाव मंगळागौरीचं. आत एक मोडलेला संसार आहे. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मधला ‘तरी’ कुणाला दिसणार, असं मैत्रिणी म्हणाल्या. मला तो शब्द फार प्रामाणिक वाटतो. पु. लं.सारख्या माणसाबरोबरच्या संसारातही ‘तरी’ उरतो, आणि तो लिहायला हिंमत लागते. ते पुस्तक आम्ही घेतलं. शाहीर अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांचा ‘कलश’ हा कवितासंग्रह प्रवेशाशी उजवीकडं ठेवला. मुसलमान शाहिराचा कलश, याहून शुभ काय असणार! त्यांच्या मुलीचं, मल्लिका अमर शेख यांचं आत्मचरित्र ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ अर्थातच आराशीत बसणारं नव्हतं. भाचीनं ते स्वतःच्या बॅगेत टाकलं. “हे लग्नाआधी वाचायचं पुस्तक आहे,” म्हणाली. ‘स्त्री-पुरुष तुलना’ मी नुसतं दाखवलं, तर मैत्रिणींनी स्टेजवर दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये ठेवायचा घाट घातला. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी जे विचारलंय, ते फोटोच्या पार्श्वभूमीला कसं वापरायचं? तेही राहिलं.

स्टेजसाठी मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुढं केली. नावात लग्नाचा काही संबंध नाही म्हणून भाची नाखूष होती. पण त्या पुस्तकात नुसता संसारच आहे. भांडणं आहेत, उधारी आहे, विसराळू नवरा आहे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, नवराबायको काही वर्षं दुरावली आणि पुन्हा एकत्र आली. धर्म, माहेर, समाज सगळं मध्ये उभं असताना दोन माणसं पुन्हा एका चुलीवर येतात, आणि लिहिणारी बाई हे सगळं हसत सांगते. माझ्या मते मराठीत लग्नाबद्दल याहून चांगलं पुस्तक नाही. नावाची अट या एकाच पुस्तकासाठी मोडली.

आणि एक पुस्तक होतं ज्याचं नाव सगळ्यांत जास्त शोभणारं: ‘मी भरून पावले आहे’. मेहरुन्निसा दलवाई यांचं. इथं दूल्हेभाईंनी हात वर केला. “नाव लाखात एक आहे. पण आडनावावरून हॉलमध्ये चर्चा नको.” हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं; तोंडी तलाकबद्दल ते जे बोलत होते, त्यावरून आमच्या समाजात आजही माणसं दोन बाजूंना बसतात. अब्बा त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत नव्हते. पण हे पुस्तक त्यांनी घेतलं होतं, कव्हर घातलं होतं आणि हमीदभाईंच्या ‘इंधन’शेजारी ठेवलं होतं. मी काहीच बोलले नाही. लग्न भाचीचं होतं. तिनं ते नवरानवरीच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. वाद काही झाला नाही. ज्यांनी वाद घातला असता त्यातल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मालेगावच्या दादीनं मला त्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. “किसने लिखा?” “एका बाईनं, नवरा गेल्यावर.” “अच्छा नाम है,” म्हणाली आणि पुस्तकावरून हात फिरवला.

मालेगावकरांना आराशीचं कळल्यावर त्यांनीही नऊ उर्दू पुस्तकं पाठवली होती, तीही शोभणाऱ्या नावांची. नवऱ्या मुलाच्या बहिणीनं फोनवर इस्मत चुगताईंची ‘चौथी का जोडा’ ही कथा सुचवली आणि पुढच्याच वाक्यात मागं घेतली. त्या कथेत मुलीच्या लग्नासाठी कपडे शिवणारी आई शेवटी तिचं कफन शिवते. आम्ही दोघी फोनवर जरा वेळ गप्प होतो. तिकडंही हाच खेळ चालला होता तर!

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. भाचीनं मराठी डाव्या बाजूला आणि उर्दू उजव्या बाजूला, कडेला कड लावून उभं केलं. तसं ठेवलं की दोन्हीची पुठ्ठी मधून उघडतात, वाड्याच्या दाराच्या दोन फळ्यांसारखी. स्टेजवर अशा नऊ जोड्या होत्या. डेकोरेशनवाल्यानं त्याचे फोटो काढून घेतले. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

निकाहाच्या दिवशी लोकांनी काय केलं, तर बहुतेकांनी काहीच केलं नाही. टेबल शोधलं, बसले, जेवले. एक म्हातारे गृहस्थ मात्र खाकी कव्हरांपुढं बराच वेळ थांबले. त्यांनी मला विचारलं, “गुरुजींचं अक्षर ना?” चौथीला अब्बांच्या वर्गात होते म्हणाले. मोठे मामू दिवसभर पुस्तकांच्या मागं पोरं हाकलत फिरत होते. संध्याकाळी बघते तर कोपऱ्यात खुर्ची टाकून ‘माणदेशी माणसं’ वाचत बसलेले. मी काही विचारलं नाही.

रुखसतीनंतर रात्री एक वाजता आम्ही पुस्तकं मोजली. पेटीतून चौसष्ट नेली होती, बासष्ट परत आली. ‘सुखाचा शोध’ कुणी नेलं, ते अजून कळलेलं नाही. दुसरं ‘बटाट्याची चाळ’. काझीसाहेब लातूरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. निकाहनाम्याच्या वहीवर साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत त्यांनी ते हातात घेतलं आणि मग अम्मीला विचारून घरी नेलं. अम्मीनं त्यांना कव्हर काढू नका, एवढंच सांगितलं. परवा त्यांचा निरोप आला; घरातली मुलं वाचतायत, झालं की पाठवतो म्हणाले.